दशमान संख्या ऑक्टलमध्ये: पहिली बाकी एककाची

लिनक्स या संगणक प्रणालीवर काम करणाऱ्याच्या हाताखालून ७५५ हा आकडा रोज जातो. फाइलच्या परवानगीचा हा आकडा ऑक्टल, म्हणजे ० ते ७ हे आठच अंक वापरणाऱ्या अष्टमानातला आहे. दशमानात त्याची किंमत ४९३. नव्या मुलांना मी याच आकड्यावर शिकवते. उत्तर ओळखीचं असलं की सगळं लक्ष रीतीकडे राहतं.

४९३ ला ८ ने भागा. भागाकार ६१, बाकी ५. आता ६१ ला भागा. भागाकार ७, बाकी ५. मग ७ ला भागा. भागाकार ०, बाकी ७. भागाकार शून्य आला की थांबायचं, पण ती शेवटची बाकी लिहूनच. आता बाक्या खालून वर वाचा: ७५५.

‘खालून वर’ एवढंच पाठ केलं तर ऐनवेळी हमखास उलटं होतं. म्हणून कारण पक्कं करा. ४९३ मण्यांचे आठ-आठचे गट केले, तर ६१ गट होतात आणि ५ मणी सुटे उरतात. सुटे म्हणजे एकक, त्यामुळे पहिली बाकी अगदी उजवीकडे. त्या ६१ गटांचे पुन्हा आठ-आठ एकत्र केले की चौसष्ट मण्यांचे ७ मोठे गट होतात, आणि ५ लहान गट उरतात. ते आठाच्या घरात, आणि ७ चौसष्टाच्या घरात. पडताळा घ्याच: ४४८ + ४० + ५ = ४९३. उलटं वाचून ५५७ लिहिलंत, तर किंमत ३६७ भरते आणि चूक तिथेच सापडते.

बाकी शून्य आली तरी तिची जागा सोडायची नाही. ५२० च्या बाक्या ०, १, ०, १, उत्तर १०१०. शून्यं गाळून ११ लिहिलं, तर त्याची किंमत फक्त ९.

कॅल्क्युलेटर ४९३ ÷ ८ चं उत्तर ६१.६२५ दाखवतो. ६२५ ही बाकी नव्हे. ०.६२५ ला ८ ने गुणा, ५ मिळतील.

ऑक्टलचा प्रत्येक अंक म्हणजे बरोबर तीन बिट, म्हणजेच ० किंवा १ असे तीन द्विमान अंक. ७ म्हणजे १११, ५ म्हणजे १०१. वाचणे, लिहिणे, चालवणे अशा तीन परवानग्या एका अंकात चपखल बसतात त्या यामुळेच. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मात्र ७५५ नुसतं लिहू नका. पायथन ते दशमान समजतो, आणि दशमान ७५५ चं ऑक्टल होतं १३६३. भलत्याच परवानग्या लागतात. आधी शून्य, मग इंग्रजी लहान ओ, आणि त्यानंतर ७५५ लिहा.