मूड गेला की फोनवर काय लावायचं, हे आधीच ठरवून ठेवा

डोकं फिरलं की हात आपोआप फोनकडे जातो. पाऊण तास रील्स सरकवून झाल्या तरी चिडचिड होती तिथेच असते, वर डोळे चुरचुरतात ते वेगळंच. त्या क्षणी चांगलं काही शोधायचं त्राण नसतं, म्हणून निवड मन शांत असताना करून ठेवायची.

१. म्युझिक ॲपमध्ये तीन प्लेलिस्ट करा: ‘राग’, ‘उदास’, ‘कंटाळा’. प्रत्येकीत चार-पाचच गोष्टी, आणि त्या डाउनलोड केलेल्या. नेट लागलं की नोटिफिकेशन आलंच!

२. गाणीच हवीत असं नाही. माझ्या ‘राग’मध्ये पावसाचा आवाज आहे. शिवाय फोनमध्ये भाचीची एक व्हॉइस नोट जपून ठेवली आहे. वीसपर्यंत आकडे म्हणताना ती दर वेळी तेरा गाळते आणि मग स्वतःच ‘थांब थांब’ म्हणते. तिथवर पोचेपर्यंत माझा निम्मा राग उतरलेला असतो.

३. लावण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करा आणि पंधरा मिनिटांचा टायमर लावा. ऑटोप्ले बंद.

४. टायमर वाजला की फोन दुसऱ्या खोलीत.

‘उदास’मध्ये एखादं रडकं गाणं चालेल, पण तेच रिपीटवर नको. आणि उदासी दोन आठवडे हटतच नसेल, तर प्लेलिस्ट बदलत बसू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा.