सॅक्सोफोन बघायला जाताना माउथपीस आपला न्या

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहे. लेथवर २२ वर्षं झाली. सॅक्सोफोन हातात घेतला तो चाळिशी ओलांडल्यावर, तेव्हा मी काही उस्ताद वगैरे नाही. पण पहिलाच सॅक्सोफोन घेताना असा सपशेल फसलो की त्यानंतर वाद्य कसं तपासायचं हे नीट शिकून घेतलं.

तो आल्टो, म्हणजे मध्यम आकाराचा सॅक्सोफोन, मी चौदा हजारांना घेतला. जुना, पण पॉलिश असं की आरशाची गरज नाही. दुकानदारानं मधले दोन-तीन सूर वाजवून दाखवले, गोड वाटले, मी पैसे मोजले. घरी आल्यावर वरचे सूर यायचे, खाली उतरायला लागलं की आवाज घोगरा व्हायचा, मग फाटायचा, आणि तळाचे तीन सूर तर येतच नव्हते. मला वाटलं, आपला दमच कमी पडतोय. रोज पहाटे रंकाळ्याच्या काठावर जाऊन फुंकायचो. चार महिने. घरातून शेरा यायचा, "गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशींपुढं जाऊन वाजवा, तिथं तुमची भाषा कळंल."

शेवटी आमच्या गल्लीतल्या एका मामांनी तो हातात घेतला. मामांनी उभा जन्म लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवण्यात घालवलाय. दोनदा फुंकलं, भुवया वर केल्या आणि म्हणाले, "तुझा दम न्हाई रं कमी. हिचाच गेलाय. गळतीय ही."

सॅक्सोफोनला वीसेक भोकं आहेत आणि प्रत्येकावर चामड्याचं पॅड बसतं. सगळ्यात खालचा सूर काढायचा तर जवळजवळ सगळी पॅडं एकदम हवाबंद बसावी लागतात. एक जरी कुठं केसभर उघडं राहिलं, तर तुम्ही फुफ्फुसं बाहेर काढलीत तरी तो सूर येणार नाही. दुकानदार मधलेच सूर का वाजवत होता ते मला तेव्हा कळलं.

म्हणून पहिली गोष्ट ही की, वाद्याच्या आधी माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचं टोक, घ्या. उलटं वाटेल, पण आमच्या कामातलं साधं आहे. जॉब मोजायचा तर हातातलं गेज आधी खात्रीचं पाहिजे. गेजही नवं आणि जॉबही नवा असला, तर चूक कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सॅक्सोफोनमध्ये वाद्य, माउथपीस, रीड (माउथपीसला बांधायची, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आणि तुमचं तोंड अशा चार गोष्टी असतात. तोंड तर नवशिकंच. उरलेल्या तीनपैकी दोन पक्क्या करा, मग तिसरी तपासा.

हे गेज म्हणून मी यामाहाचा ४सी माउथपीस वापरतो. प्लॅस्टिकचा आहे, महाग नाही, आणि एकासारखा दुसरा निघतो, जे आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. याचं टोक आणि रीड यांच्यातली फट, जिला टिप ओपनिंग म्हणतात, आल्टोसाठी १.६ मिलिमीटर आहे. आमच्या भाषेत ६३ थाउ, थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नवशिक्याच्या ओठाला ही फट झेपते. सेल्मरचा एस८० सी-स्टार हा दुसरा नेहमी सुचवला जाणारा माउथपीस, तो १.७ मिलिमीटर, पण त्याची किंमत बघून आधी खाली बसा. रीड दोन किंवा अडीच नंबरची. एकाच कंपनीची घ्या, कारण एका कंपनीची अडीच आणि दुसरीची अडीच सारखी कडक नसते. एकाच पेटीतल्या दहा रीडसुद्धा सारख्या नसतात. बांबूच्या कुळातलं गवत ते, कारखान्यात ओतलेलं नाही. त्या पेटीतल्या बऱ्या वाजणाऱ्या दोन बाजूला काढून त्यांच्यावर पेनानं खूण करून ठेवा. वाद्य बघायला जाताना याच न्यायच्या.

आल्टो घ्यावा की त्याच्याहून मोठा टेनर, यावर मी फार वेळ घालवणार नाही. आल्टो घ्या. वजन अडीच किलोच्या आसपास, बोटं पोचतात, हवा कमी लागते. सरळ, पिपाणीसारखा दिसणारा सोप्रानो बघून मोह होतो, पण त्याच्यावर सुरात राहणं नवशिक्याला फार जड जातं. आणि आल्टोवर आपलं संगीत बसत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला कद्री गोपालनाथ ऐकवा. म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमधला सॅक्सोफोन ऐकून ते या वाद्याकडे वळले, आणि अख्खं कर्नाटक संगीत त्यांनी आल्टोवर उतरवलं. २००४ साली पद्मश्री मिळाली. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात राहून आपण मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही म्हणून रडायचं म्हणजे कमाल आहे.

आता दुकानात, किंवा बँडवाल्यांच्या खोलीवर. आमच्याकडे जुनी वाद्यं विकायला निघतात ती बहुतेक लग्नसराई संपल्यावर. लगेच फुंकू नका. आधी हात आणि डोळे.

नेक, म्हणजे वरची वाकडी नळी, काढून हातात घ्या. आडवी धरून वळणाच्या खालच्या बाजूला बघा. माउथपीस जोर लावून खुपसत राहिल्यानं ती तिथं दबते, गोलाची अंडाकृती होते. अशी नेक असली तर मी तिथंच नमस्कार करतो. मग एका टोकावर तळहात दाबून दुसऱ्या टोकानं हवा ओढा. ओठ चिकटून राहिला पाहिजे. हवा आत आली तर वरचं छोटं पॅड तरी बसत नाही किंवा नळीचा डाग, म्हणजे झाळलेला सांधा, सुटलाय. नेक परत वाद्यात बसवून, स्क्रू घट्ट करून हलवून बघा. खुळखुळली तर गळती तिथंही आहे.

मग पॅडं. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून न्या. पॅडच्या खाली घालायची, बोटानं हलकंच दाबायचं आणि ओढायची. चहूबाजूंनी सारखी अडकली पाहिजे. एका बाजूला अडकते आणि दुसऱ्या बाजूनं सुळकन निघते, म्हणजे पॅड तिरकं. हलकंच दाबायचं हे विसरू नका, जोरानं दाबलं तर फुटकं पातेलंसुद्धा हवाबंद होतं. माझ्या आल्टोत 'जी शार्प' या इंग्रजी सुराचं पॅड असं एका बाजूनं उचललेलं होतं. अंधाऱ्या खोलीत आत एलईडीची पट्टी सोडली तेव्हा त्या कडेनं नखाच्या कोरीएवढा उजेड दिसला. चार महिन्यांचा माझा रंकाळा त्या कोरीतून वाहून गेलेला.

पोचे कुणी मोजत बसू नये. नळीला दोन-चार पोचे असले, लॅकर उडालेलं असलं, तर भाव पाडायला उपयोगी. पोचा एखाद्या भोकाच्या कडेला किंवा दांडीखाली असेल तरच दचका.

आता फुंकायचं. आधी नुसता माउथपीस. रीड तोंडात मिनिट-दोन मिनिटं भिजवा आणि अशी लावा की तिच्या टोकापुढे माउथपीसची केसाएवढी काळी रेघ दिसेल. खालचा ओठ खालच्या दातांवर जरासा दुमडलेला, वरचे दात माउथपीसवर टेकलेले, चावायचं नाही. मोबाईलवर ट्यूनर लावा. आल्टोचा नुसता माउथपीस साधारण ए दाखवतो, पेटीवरची पांढरी सहा. फार वर गेला तर तुम्ही चावताय. नेक जोडल्यावर ए फ्लॅट, म्हणजे काळी चार. हे दोन सूर घरी पाठ करून जा. दुकानात हे आले, तर आता पुढं जे बिघडेल ते वाद्याचं आहे, तुमचं नव्हे, एवढं तरी छातीठोक म्हणता येतं.

वाद्य जोडल्यावर एका बोटाच्या बी पासून सुरू करा आणि एकेक बोट टाकत खाली या. ए, जी, एफ, ई, डी, सी, आणि जमलं तर त्याखालचे बी आणि बी फ्लॅट. हळू आवाजात. जोरात फुंकून गळती झाकता येते, हळू फुंकून येत नाही. ज्या सुरावर आवाज पहिल्यांदा कण्हतो, तिथं जे पॅड नव्यानं बंद झालं त्याच्याकडे किंवा त्याच्या आजूबाजूला बघा. तळाचे दोन सूर नवशिक्याला चांगल्या वाद्यावरही लगेच येत नाहीत, म्हणून शक्य असेल तर वाजवणारा कुणीतरी सोबत न्या, पण माउथपीस तोच ठेवा. मी मामांना नेतो. चहा आणि वर एक भेळ, एवढीच त्यांची फी.

आणखी दोन चाचण्या मामांनी शिकवल्या. खालचा डी धरून ठेवा आणि डाव्या करंगळीनं जी शार्पची की दाबा. सूर जराही बदलता कामा नये. बदलला तर तिथला छोटा स्क्रू ढळलाय, हे दुरुस्त होतं, घाबरायचं नाही. दुसरी म्हणजे डाव्या अंगठ्यानं ऑक्टेव्ह की दाबून जी आणि ए यांच्यात ये-जा करा. ए ला नेकवरचं छोटं पॅड उघडलं पाहिजे, जी ला मिटलं पाहिजे. दोन्ही वेळा उघडं राहत असेल, तर नेकवरची कडी वाकलीय. पावसाळ्यात मात्र एक सूट द्या. आमच्याकडे जुलैत जी शार्पचं पॅड ओलाव्यानं चिकटून बसतंच. ती गळती नव्हे. पॅडखाली कोरडा कागद दाबून ओल टिपली की सुटतं.

पेटीवाल्यांबरोबर वाजवायचं असेल तर हेही ध्यानात घ्या. आल्टोवर सी ची बोटं धरली की ऐकू येतो तो ई फ्लॅट, म्हणजे काळी दोन. टेनरवर तीच बोटं धरली तर बी फ्लॅट, काळी पाच. पहिल्यांदा भजनी मंडळात नेला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. बुवांनी टाळ थांबवून माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

वाद्य घेऊन सहा महिने झाले की माउथपीस बदलायची खाज सुटते. नाद खुळा असतो तो. मी पाच माउथपीस मागवून, उसने आणून बघितले, आणि इथंही वाद्य आणि रीड तीच ठेवली. तोंडाला लावण्याआधी माउथपीसची सपाट बाजू काचेवर ठेवून डुगडुगते का बघा. मग रीड बांधून मागचं तोंड तळहातानं बंद करा, हवा ओढून घ्या आणि ओठ काढा. रीड क्षणभर चिकटून राहून 'टप्' करून सुटली पाहिजे. लगेच सुटली तर रीड आणि माउथपीस नीट भेटत नाहीत. हे एकदा रीड बदलूनही बघा, दोष रीडचाही असतो.

त्यात एक धातूचा माउथपीस होता, सोनेरी, बघताक्षणी खिशात घालावा असा. मोठा, कापणारा आवाज. दर चौथ्या सुराला चीं करायचा. मी तो कारखान्यात नेला, सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, पालथा ठेवला आणि टोकाखाली हलक्या हातानं फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पानं एकावर एक सारत गेलो. डावीकडे ८३ थाउ, उजवीकडे ७९. चार थाउचा फरक. आमच्याकडे असा जॉब इन्स्पेक्शनला पोचतसुद्धा नाही. रीडची एक बाजू आधी मिटायची, दुसरी नंतर, मग ती किंचाळणार नाही तर काय करणार.

फिलर गेज तुमच्याकडे नसणार, तेव्हा कान वापरायचे, पण कान फार लबाड. नवा माउथपीस पहिली दहा मिनिटं जगात भारीच वाटतो. आणि ओठ अर्ध्या तासात थकतात, त्यामुळे शेवटी लावलेला उगाच वाईट ठरतो. म्हणून एका बैठकीत दोनच. आधी आपला, मग नवा, मग परत आपला. भिंतीकडे तोंड करून वाजवा, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येतो. मोबाईल दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. प्रत्येकावर तेच वाजवा, लांब ओढलेला एक सूर, एक संथ सरगम, तळाचा एक सूर हळू आवाजात. आपलं आवडतं गाणं वाजवू नका, त्यात आपण माउथपीस ऐकत नाही, गाणं ऐकतो.

दुसऱ्याचा माउथपीस तोंडात घालण्याआधी धुवा, पण कोमट पाण्यानंही नको, गारच घ्या. काळ्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, माउथपीसला गरम पाणी लागलं की तो हिरवट-तपकिरी पडतो, आणि मालक दुसऱ्यांदा देत नाही. मला मामांनी दिला नव्हता.

पाचांची रेकॉर्डिंगं मी नावं न सांगता घरात ऐकवली. म्हशीचा शेरा मारणाऱ्या बाईंनी डोळे मिटून दोनदा एकच निवडला. तो ४सी होता. सोनेरी माउथपीस आता कारखान्यात माझ्या ड्रॉवरमध्ये फिलर गेजशेजारी पडलेला असतो. नव्या पोराला चार थाउ म्हणजे किती, ते दाखवायला काढतो.