सतराव्या शतकातला इंग्लिश पूर्वज शोधताय? या चुका टाळा

माझ्या सुनेचं माहेर मॅसॅच्युसेट्सचं. तिच्या घराण्यातला पहिला माणूस १६३०च्या दशकात इंग्लंडहून तिकडे गेला, त्याचा शोध घेता घेता मला सहा वर्षं झाली आणि त्यात नवीन लोक त्याच त्याच चुका करताना बघून खरंच जीव तुटतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाव जुळलं की माणूस सापडला असं धरणं. मीही केलीये. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या एका गावच्या चर्चच्या रजिस्टरात आमच्या माणसाच्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा मिळाला, साल बरोबर, बापाचं नावही आमच्या माणसाने थोरल्या मुलाला ठेवलेलं, मग काय, मी त्याच्यामागच्या तीन पिढ्या लावून मोकळी झाले. दोन वर्षांनी तेच रजिस्टर पुढे वाचत गेले तर तीन वर्षांनंतरच्या पानावर त्याच मुलाचं दफन! सगळं पुसलं. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की त्या गावची पुढची वीस-पंचवीस वर्षांची लग्नं आणि दफनं वाचल्याशिवाय मी वहीत शाईने काही लिहीत नाही. रजिस्टरची पानं गेली असतील तर बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकला बघा, १५९८पासून त्या पाठवायच्या असत. आमचं खरं गाव शेवटी इंग्लंडमध्येच राहिलेल्या एका विधवा बहिणीच्या मृत्युपत्रात निघालं, तिने न्यू इंग्लंडमधल्या (म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या भागातल्या) भावाला पैसे ठेवले होते. नुसत्या नावावर भागत नाही, म्हणून म्हणते, आधी अमेरिकेतले जमिनीचे कागद, मृत्युपत्रं, शेजारीपाजारी संपवा, इंग्लंडमधल्या एकाच भागातली माणसं बरेचदा एकत्रच तिकडे जायची. लोकांना मात्र पहिल्याच दिवशी इंग्लंड गाठायचं असतं.

दुसरं, तारखा. १७५२ आधी इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे लग्न मे १६४० आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४० दिसला तर कुणाच्या चारित्र्यावर जाऊ नका, तो फेब्रुवारी आपल्या हिशोबाने १६४१चा आहे, बरोबर नऊ महिने. प्युरिटन (कडक प्रोटेस्टंट पंथाचे) लोक महिन्यांना आकडे द्यायचे, त्यांचा पहिला महिना मार्च आणि बारावा फेब्रुवारी. मी तारीख कागदावर आहे तशीच उतरवते आणि शेजारी १६४०/४१ असं दुहेरी साल घालते.

नात्यांचे शब्दही फसवतात. तेव्हाच्या कागदात ‘सन-इन-लॉ’ म्हणजे सावत्र मुलगाही असू शकतो. सीनियर-ज्युनियर हे बापलेकच असतील असं नाही, गावात एका नावाचे दोघे असले तरी तसं लिहायचे.

जहाजाच्या यादीत नाव नाही म्हणून अडून बसू नका, बहुतेक याद्या टिकल्याच नाहीत. आडनावाचं म्हणून विकतात ते कोट ऑफ आर्म्स (ढालीवरचं मानचिन्ह) घेऊ नका, तो मान आडनावाला नाही, ठरावीक माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळायचा.

छापील वंशावळ दिसली की डोळे झाकून उतरवू नका. गुस्ताव्ह अँजू नावाच्या माणसाने श्रीमंत अमेरिकन घराण्यांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी करून दिल्या, त्या आजही ऑनलाइन वंशवृक्षांमध्ये फिरतायत.

आणि सेक्रेटरी हँड, म्हणजे त्या काळचं इंग्लिश हस्ताक्षराचं वळण, वाचायला शिका. मोडीसारखंच आहे, रोज अर्धा तास बसलं की दोनेक महिन्यांत अक्षर उलगडायला लागतं. मला तरी तेवढेच लागले.