कर्ल, सॉक्स प्रॉक्सी आणि एक ‘एच’

घरून कर्लने (कमांड देऊन वेब पत्त्यावरून माहिती आणणारं साधन) ऑफिसच्या आतल्या सर्व्हरशी बोलायचं होतं. एसएसएच (दूरच्या मशीनला सुरक्षितपणे जोडणारा प्रोग्राम) याच्या ‘डॅश कॅपिटल डी’ पर्यायाने 1080 पोर्टवर सॉक्स प्रॉक्सी (आपली विनंती पुढे पोचवणारा मध्यस्थ) उघडली, कर्लला ‘सॉक्स5’ म्हणून दिली. तरी एरर: होस्टचं (सर्व्हरचं) नाव सापडत नाही. आयपी पत्ता टाकला की मात्र उत्तर लगेच!

गोम तिथेच होती. ‘सॉक्स5’ लिहिलं की कर्ल नाव आपल्याच मशीनवर शोधतं. ऑफिसमधली नावं घरच्या डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) कुठून ठाऊक? ‘सॉक्स5एच’ केलं, की नाव शोधायचं काम प्रॉक्सीकडे जातं. झालं काम. (एका अक्षरावर एवढा भार टाकणाऱ्याला दंडवत.)

रोज टाइप नको म्हणून प्रॉक्सीची ही ओळ कर्लच्या डॉट कर्लआरसी या सेटिंग फाइलमध्ये ठेवली. प्रॉक्सी बंद असेल तेव्हा पहिलाच पर्याय ‘डॅश क्यू’ द्यायचा. मग कर्ल ती फाइल वाचतच नाही.