ग्राफिक्स कार्ड ‘डिसेबल’ केलं आणि बॅटरी आणखीच लवकर संपते? या चुका टाळा

माझा भाचा कोपरखैरण्याला राहतो, कॉलेज ऐरोलीला. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो ठाण्याला आमच्याकडे आला तो लॅपटॉप घेऊनच. “मावशी, ग्राफिक्स कार्ड बंद करून ठेवलंय, तरी दुसरं लेक्चर संपेपर्यंत बॅटरी लाल होते. वर्गात प्लग दोनच, आणि ते शेवटच्या बाकाजवळ.”

लॅपटॉप गेमिंगचा, दोन ग्राफिक्सवाला: एक प्रोसेसरमधलंच इंटेलचं, दुसरं एनव्हिडियाचं वेगळं कार्ड. मी चार्जर काढला, एक पीडीएफ सोडून सगळं बंद केलं आणि डाव्या बाजूच्या जाळीला तळहात लावला. हवा गरम येत होती, पंखाही हलका फिरत होता. नुसती पीडीएफ उघडी असताना इतकी ऊब यायचं काही कारण नव्हतं.

त्याने केलं होतं ते बहुतेक जण करतात. डिव्हाइस मॅनेजर उघडायचं, डिस्प्ले अडॅप्टर्समध्ये एनव्हिडियाच्या नावावर राइट क्लिक, ‘डिसेबल डिव्हाइस’. नावावर खाली वळलेला छोटा बाण दिसतो आणि आपल्याला वाटतं, कार्डाची वीज तुटली.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: ‘डिसेबल’ म्हणजे वीज बंद, असं समजणं

एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची व्यवस्था आणली. त्यात लॅपटॉपचा स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. मोठं, म्हणजे वेगळं कार्ड लागेल तेव्हाच जागं होतं, चित्र तयार करून छोट्या ग्राफिक्सकडे सोपवतं, आणि काम नसलं की त्याचा वीजपुरवठा जवळजवळ पूर्ण तोडला जातो. हा पुरवठा तोडायला सांगतो कोण? कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून असलेलं सॉफ्टवेअर. तोच लॅपटॉपच्या फर्मवेअरला (मदरबोर्डमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमला) कळवतो की आता याची गरज नाही, झोपव.

डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल केलं की विंडोज नेमका तो ड्रायव्हरच उतरवतं. कार्ड मदरबोर्डवर जागच्या जागी असतं, पण त्याला झोपवणारं कुणी उरत नाही. काही लॅपटॉपांत फर्मवेअर स्वतःहून वीज तोडतं, तिथे फायदा होतोही. बऱ्याच ठिकाणी मात्र कार्ड काहीही न करता जागं राहतं आणि बसल्या बसल्या काही वॉट खात राहतं. म्हणून एकाच सल्ल्याने एकाची बॅटरी वाढते आणि दुसऱ्याची कमी होते. दोघंही खरंच सांगत असतात, फरक त्यांच्या मशीनचा असतो.

त्यामुळे अंदाजाने काही करू नका, मोजून बघा. आम्ही त्या दिवशी हेच केलं. चार्जर काढला, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवला, वायफाय चालू, तीच पीडीएफ उघडी. कार्ड डिसेबल असताना अर्ध्या तासात बॅटरी १६ टक्के उतरली. मग कार्ड पुन्हा ‘एनेबल’ केलं, मशीन रीस्टार्ट केलं, दोन-चार मिनिटं शांत होऊ दिलं आणि पुन्हा अर्धा तास लावला. या वेळी १० टक्के. त्याच्या बॅटरीत पूर्ण चार्जला साधारण ५० वॉट-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) राहतात. म्हणजे आधी सरासरी १६ वॉट जात होते, नंतर १०. तीन तासांचा लॅपटॉप पाच तासांवर गेला, आणि त्यासाठी ‘बंद’ केलेलं कार्ड आम्हाला चालू करावं लागलं!

मोजतानाच कार्डाला उठवणं

झोपलेलं कार्ड नुसतं विचारपूस केल्यानेही जागं होतं. तापमान आणि वेग दाखवणारी मॉनिटरिंगची सॉफ्टवेअर, एनव्हिडियाची एसएमआय कमांड, गेमिंगवाल्यांचं आफ्टरबर्नर, ही सगळी दर काही सेकंदांनी कार्डाला प्रश्न विचारतात. तुम्ही ‘किती वीज खातंय’ हे बघत बसता आणि त्या बघण्यामुळेच ते खात राहतं. म्हणून टक्के आणि घड्याळ हीच मोजायची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते.

कार्ड कोण वापरतंय हे शोधायला एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘डेस्कटॉप’ मेनूत ‘डिस्प्ले जीपीयू अ‍ॅक्टिव्हिटी आयकॉन’चा पर्याय आहे, तो चालू करा. घड्याळाशेजारी छोटं चिन्ह येतं आणि त्यावर क्लिक केलं की कार्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची नावं दिसतात. भाच्याच्या लॅपटॉपवर तिथे दोन नावं निघाली: हलणारा वॉलपेपर दाखवणारं अ‍ॅप आणि लॅपटॉप सुरू होताच आपोआप उघडणारा एक गेम लाँचर. वॉलपेपर काढून टाकला, लाँचर स्टार्टअपमधून बंद केला.

एखादं अ‍ॅप काढायचं नसेल तर त्याला छोट्या ग्राफिक्सवर ढकलता येतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे ग्राफिक्स. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून ही सोय आहे. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, मीटिंगचं अ‍ॅप, प्रत्येकाला ‘पॉवर सेव्हिंग’ द्या. मग ते अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. हे शेवटचं लोक विसरतात आणि सेटिंग चालतच नाही म्हणतात.

चुकीचं कार्ड बंद करणं

यादीत दोन नावं दिसतात आणि घाईत इंटेल किंवा एएमडीचं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बंद केलं जातं. लक्षण ओळखीचं आहे: अक्षरं एकदम मोठी आणि फाटल्यासारखी, ब्राइटनेसची पट्टी गायब, यादीत ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. घाबरू नका, तेच ग्राफिक्स पुन्हा एनेबल करा.

याहून वाईट प्रसंग म्हणजे स्क्रीन पूर्ण काळा. काही गेमिंग लॅपटॉपांत मक्स स्विच असतो, म्हणजे स्क्रीन कुठल्या ग्राफिक्सला जोडायचा ते बदलण्याची सोय. त्यात ‘डिस्क्रीट’ मोड निवडलेला असेल तर स्क्रीन थेट मोठ्या कार्डालाच जोडलेला असतो. अशा वेळी ते डिसेबल केलं तर स्क्रीन काळा पडू शकतो. आधी मोड हायब्रिडवर (दोन्ही ग्राफिक्स वापरणाऱ्या) आणा, रीस्टार्ट करा, मग बाकीचं.

स्क्रीन काळा झालाच असेल तर आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. नाहीच जमलं तर पॉवरचं बटण धरून मशीन बंद करा, आणि विंडोज उघडत असतानाच असं दोन-तीनदा करा. मग रिकव्हरीचा निळा स्क्रीन येतो. तिथून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, सेफ मोड, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एनेबल. वाटेत बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) की मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये) काही बदलण्याआधी ती वहीत उतरवून ठेवा. परीक्षेच्या आदल्या रात्री ती शोधत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, त्या वेळची त्यांची तोंडं बघवत नाहीत.

एचडीएमआय लावून ‘बॅटरी का उतरते’ विचारणं

अनेक लॅपटॉपांत एचडीएमआयचा सॉकेट मोठ्या कार्डालाच जोडलेला असतो. बाहेरचा मॉनिटर लावला की कार्ड झोपूच शकत नाही. आणि कार्ड बंद केलं असेल तर ऐन प्रेझेंटेशनला प्रोजेक्टरवर काहीच येत नाही. कुठला सॉकेट कोणाला जोडलेला आहे ते एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या फिजएक्सच्या पानावर चित्रासकट दिसतं.

खरोखरच पूर्ण बंद करायचं असेल, म्हणजे आठवडाभर फक्त टायपिंग आणि वाचन आहे, तर कंपनीने दिलेली वाट धरा. असुसच्या आर्मरी क्रेटमध्ये ‘इको’ मोड आहे, लेनोवोच्या काही मॉडेलांत व्हँटेजमध्ये ‘हायब्रिड-आयजीपीयू’ आहे. हे मोड फर्मवेअरमार्फत काम करतात, म्हणून वीज खरंच तुटते. कार्ड वापरणारं काही उघडं असेल तर मोड बदलण्याआधी ते बंद करा.

लिनक्सवाल्यांचीही चूक हीच, फक्त रूप वेगळं. ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करतात, म्हणजे सुरूच होऊ देत नाहीत, आणि कार्ड अनेकदा जागंच राहतं. उबंटूमध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर ठेवून प्राइम-सिलेक्टने ‘इंटेल’ किंवा ‘ऑन-डिमांड’ निवडा, आणि कार्डाच्या रनटाइम स्टेटसच्या फाइलमध्ये ‘सस्पेंडेड’ लिहून येतंय का ते बघा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल तर ते झोपलेलं नाही.

हे सगळं करूनही तास वाढत नसतील तर बॅटरीच बघायला हवी. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवलाय तेही तिथेच लिहून येतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. भाच्याचे आले ५६ आणि ५० वॉट-अवर, म्हणजे बॅटरी अजून चांगली आहे. ५६ चे ३० झाले असते तर कार्डाच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता, सरळ नवी बॅटरी टाकायला सांगितली असती. निघता निघता त्याच्या स्क्रीनचा वेगही (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने येतं तो) १४४ हर्ट्झवरून ६० वर आणून दिला. पीडीएफ वाचायला तेवढा पुरतो, आणि गेम खेळताना परत वाढवता येतो.