विन्श्गाऊ खोऱ्यातली सायकल सहल: रेशेन खिंडीतून मेरानपर्यंत

इटलीच्या अगदी उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडला लागून, आडिजे नदीचं विन्श्गाऊ नावाचं खोरं आहे. सुमारे 1,500 मीटर उंचीवरच्या रेशेन खिंडीजवळ नदी उगम पावते आणि मेरानला पोचेपर्यंत 325 मीटरवर येते. तिच्या काठाने जाणारा, बहुतांश मोटारींपासून वेगळा ठेवलेला सायकलमार्ग साधारण 80 किलोमीटरचा आहे. आल्प्समध्ये पहिल्यांदाच सामान लादून सायकल चालवणाऱ्यासाठी याहून सोयीचा मार्ग शोधूनही सापडणं कठीण. मात्र 'उतारच तर आहे' म्हणून निष्काळजी राहणाऱ्याचे हाल इथेच होतात. चढाला माणूस तयारी करून येतो, उताराला करत नाही.

आधी नावांचा घोळ मिटवून घ्या. दक्षिण टायरॉल या प्रांतात प्रत्येक गावाला जर्मन आणि इटालियन अशी दोन नावं आहेत आणि पाट्यांवर, वेळापत्रकांत, नकाशांत त्यातलं कुठलंही एक पुढे असू शकतं. माल्स म्हणजे माल्लेस, ग्लुर्न्स म्हणजे ग्लोरेन्झा, श्लांडर्स म्हणजे सिलान्द्रो, बोत्सेन म्हणजे बोल्झानो, आणि नदी एच म्हणजेच आडिजे. दोन्ही नावं कागदावर लिहून हँडलबार बॅगेत ठेवा.

वर पोचायचे दोन रस्ते. रेल्वेने मेरानहून माल्सला या आणि तिथून सायकल घेणाऱ्या बसने रेशेनला जा. 1990 साली बंद पडलेला हा रेल्वेमार्ग 2005 मध्ये पुन्हा सुरू झाला आणि त्यामुळेच खोऱ्यातलं सायकल पर्यटन इतकं सोपं झालं. विद्युतीकरणाच्या कामामुळे काही टप्प्यांवर गाडीऐवजी बस धावत असू शकते आणि बसमध्ये सायकलींना जागा थोडी असते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वेळापत्रक बघाच. सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. मुक्कामाच्या हॉटेलकडून मिळणाऱ्या मोफत प्रवासाच्या पासात सायकल धरलेली नसते.

दुसरा रस्ता ऑस्ट्रियातल्या लांडेकहून, इन नदीच्या काठाने. फुन्ड्सच्या पुढे मुख्य रस्ता फिन्स्टरम्युन्त्सच्या कड्यातून जातो. तिथे ट्रक, बोगदे आणि अरुंद रस्ता असं सगळं एकत्र आहे, तो टाळा. सायकलवाले नदीकाठाने स्वित्झर्लंडमधल्या मार्टिनाला जातात आणि तिथून 11 वळणांचा घाट चढून नॉर्बर्ट्सह्योहे या 1,405 मीटरच्या माथ्यावरून नाउडर्सला उतरतात. चढ 370 मीटरच्या आसपास आहे. ज्याला तोही नको त्याच्यासाठी उन्हाळ्यात सायकल नेणाऱ्या बस असतात. शेंगेन व्हिसा तिन्ही देशांत चालतो, पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्याने मोबाइलचा रोमिंग पॅक तिथे लागू आहे का ते पाहून घ्या. नाहीतर या दहा-पंधरा किलोमीटरचं बिल भलतंच येतं. पासपोर्ट अंगावर ठेवा.

आता मुख्य मार्ग. हे खोरं जिन्यासारखं आहे. बाजूच्या ओढ्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकल्यामुळे मोठमोठे पंखे, म्हणजे पंख्याच्या आकाराचे गाळाचे ढिगारे, तयार झाले आणि त्यांनी नदीला अडवून पायऱ्या केल्या. म्हणून उतार सगळीकडे सारखा नाही. लांब सपाटी, मग एकदम घसरण, पुन्हा सपाटी, असा क्रम चालतो. मोठ्या घसरणी तीन आहेत आणि ब्रेकचा कस लागतो तो या तिन्ही ठिकाणी.

रेशेन गावातून निघाल्यावर तलावाच्या पश्चिम काठाने जा. पूर्व काठाला महामार्ग आहे. 1950 मध्ये धरण पूर्ण झालं तेव्हा ग्राउन हे गाव पाण्याखाली गेलं. चौदाव्या शतकातला चर्चचा मनोरा तेवढा पाण्यातून वर दिसतो, पण तो पूर्व काठाजवळ आहे. जवळून बघायचा असेल तर थोडं उलट जाऊन या.

सांक्ट व्हालेंटिनपासून पहिली पायरी सुरू होते. ग्लुर्न्स 907 मीटरवर आहे, म्हणजे सुमारे 13 किलोमीटरमध्ये 560 मीटर उतरायचं. बुर्गाइसच्या वर काही तुकडे फार तीव्र आहेत आणि वळणाआड पायी चालणारे, ट्रॅक्टर, गुरं काहीही असू शकतं. ग्लुर्न्सची तटबंदी आणि वेशी शाबूत आहेत, जेवणाची सुट्टी इथे घ्यावी. तिथून प्राडमार्गे लासपर्यंत सपाटी. लासच्या संगमरवराने त्या गावाच्या पायवाटासुद्धा पांढऱ्या केल्या आहेत. लास ते श्लांडर्स ही दुसरी पायरी: गाड्रिया ओढ्याचा प्रचंड पंखा, जवळपास 150 मीटरची घसरण. पुढे लाच, कास्टेलबेल, नाटुर्न्स असा सफरचंदांच्या बागांमधला निवांत रस्ता. तिसरी पायरी तोएल ते आल्गुंड, मेरानच्या तोंडाशी. तोपर्यंत हात दमलेले असतात, वळणं अरुंद असतात आणि समोरून दिवसभराची गर्दी वर येत असते. या टप्प्यावर वेग 20 च्या खाली ठेवा.

तंदुरुस्त माणूस हे एका दिवसात करतो. दोन दिवस घ्या आणि ग्लुर्न्स किंवा श्लांडर्सला मुक्काम करा, हे आमचं मत.

सायकल इथेच भाड्याने घेणं शहाणपणाचं. मोठ्या स्थानकांजवळ दुकानं आहेत आणि एकीकडे घेऊन दुसरीकडे परत करता येते. पण ताब्यात घेताना एक गोष्ट आधी तपासा. आपल्याकडच्या सायकलींना पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, इथे तो डाव्या हाताला असतो. तीव्र उतारावर दचकून सवयीने डावा ब्रेक आवळला की मागचं चाक नाही, पुढचं चाक थांबतं. दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटं फक्त थांबण्याचा सराव करा.

ब्रेक सतत हलके दाबून ठेवू नका. रिम ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क असतील तर पॅडवर चकाकी येते आणि पकड जाते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग तोडा, मग सोडा, चाकांना वारा लागू द्या. पॅड नवीन असतील तर निघण्याआधी सपाट रस्त्यावर 20-25 च्या वेगातून जवळजवळ थांबेपर्यंत पंधरा-वीस वेळा ब्रेक लावून ते बसवून घ्या. सामान 8 ते 10 किलोपेक्षा जास्त नको. प्रत्येक गावात राहायला मिळतं, तंबू-चुलीचं ओझं कशाला? टायर 35 ते 40 मिमी, दोन जादा ट्यूब, पंप, आणि चेन तोडायचं अवजार पुरे.

एप्रिलमध्ये येणाऱ्यांसाठी खास इशारा. सफरचंदाच्या मोहोराला दंव लागू नये म्हणून शेतकरी रात्री बागांवर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी फांद्यांवर गोठतं आणि गोठताना सोडलेल्या उष्णतेने कळी वाचते. हेच पाणी सायकलमार्गावर उडून सकाळी बर्फाचा पातळ थर होतो. ऊन येईपर्यंत निघूच नका. सप्टेंबरात तोडणीचे ट्रॅक्टर याच मार्गावर असतात, त्यांना वाट द्या. डोंगरउतारावर जुन्या पाटांच्या काठाने पायवाटा दिसतील. मोह पडेल, पण त्या चालणाऱ्यांसाठी आहेत, सायकलीसाठी नाहीत.

पाय शिवशिवत असतील तर प्राडहून स्टेल्व्हिओ. 1825 मध्ये पूर्ण झालेला हा घाट 48 वळणांचा, सुमारे 25 किलोमीटरचा, 1,840 मीटर चढाचा. माथा 2,757 मीटर. वळणांना आकडे आहेत, खाली 48 आणि माथ्याला 1. पुण्याकडच्यांना अंदाज यावा म्हणून: सिंहगडाचा घाट साधारण 600 मीटर चढतो. तो एका सकाळी तीनदा, पाय न टेकता जमला, तर इथे यावं.

गिअरचा हिशोब आधी करा. पुढे 34 दातांची आणि मागेही 34 दातांची चकती असेल, तर ताशी 6 किलोमीटरला पायडलचे मिनिटाला 46-47 फेरेच होतात. त्या गतीने चार तास रेटलं की गुडघे बोलू लागतात. पुढे 26, मागे 36 असेल तर फेरे 64 च्या आसपास जातात, ते मानवतं. वाहतूक उजवीकडून असल्याने चढताना उजवी वळणं आतून, म्हणजे जास्त तीव्र पडतात आणि डावी सौम्य. आपल्या घाटांची सवय बरोबर उलटी. श्वास डाव्या वळणांवर घ्या.

सकाळी सहा-सातला निघा, नऊनंतर मोटारसायकलींचा लोंढा सुरू होतो. पाणी वाटेतल्या ट्राफोई गावात भरून घ्या. मेरानला 32 अंश असतील तर माथ्यावर 16 च्या आसपास धरा, वारा वेगळाच. चढताना घामाने भिजलेला शर्ट माथ्यावर बदला, अंगावर जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे चढवा, मगच उतरा. आल्या वाटेने परतण्यापेक्षा 2,501 मीटरच्या उम्ब्राइल खिंडीतून स्वित्झर्लंडमधल्या सांता मारियाला उतरा आणि म्युस्टायरमार्गे ग्लुर्न्सला या. पूर्ण फेरी साधारण 60 किलोमीटर. दोन्ही खिंडी साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंतच उघड्या असतात.

नियम थोडे आहेत, पण दंड होतो. सायकलमार्ग असेल तिथे मुख्य रस्त्यावरून चालवायची नाही. बोगद्यात, तसंच अंधार पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं. आणीबाणीला 112.

शाकाहारी असाल तर जर्मनमध्ये 'ओने श्पेक' एवढं पाठ करा, म्हणजे सुकवलेल्या डुकराच्या मांसाशिवाय. जवाच्या सूपमध्ये आणि साध्या दिसणाऱ्या पावाच्या गोळ्यांमध्येही (क्नोडेल) ते असतं. पालक-चीज भरलेले श्लुट्सक्राप्फन (अर्धगोल पास्ता) निर्धोक. दुपारी दोननंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात आणि रविवारी गावातली दुकानंही, म्हणून बॅगेत पाव, चीज, सफरचंदं असू द्या. गावातल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं. 'काइन ट्रिंकवासर' किंवा 'आक्वा नॉन पोताबिले' अशी पाटी असेल तर मात्र नाही.

मेरानहून बोत्सेनपर्यंत आणखी 30 किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत. त्याच्याही दक्षिणेला ट्रेंटोकडे जायचं असेल तर सकाळीच निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर गार्डा तलावाकडून 'ओरा' नावाचा वारा बोत्सेनपर्यंत वर चढतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर येतो. दुपार झालीच असेल, तर बोत्सेनलाच सायकल गाडीत चढवा.