गुलमर्गला सीझनचं काम धरताय? आधी हे विचारा

पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट करणारी बरीच पोरं हिवाळ्यात गुलमर्गला कामाला जायचं बघतायत, त्यांच्यासाठी. जॉइनिंग डिसेंबरचं असलं तरी बर्फ तेव्हा पडेलच असं नाही. तो वेस्टर्न डिस्टर्बन्सवर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या हवामानावर अवलंबून, आणि २०२४ ला तर जानेवारीचा बहुतेक महिना कोरडाच गेला, चिल्लई कलान म्हणजे ऐन थंडीचे ४० दिवस चालू असताना.

म्हणून फोनवर फक्त पगार विचारून थांबू नका. पगार कुठल्या तारखेपासून, बर्फ नसला तर अर्धा की पूर्ण, राहणं-जेवण तेव्हाही त्यांच्याकडेच का, हे सगळं व्हॉट्सॲपवर का होईना पण लेखी घ्या, टाळाटाळ करत असतील तर माझ्या मते दुसरीकडे बघा. शिवाय एकाच कामाला चिकटू नका, स्की भाड्याने द्यायचं दुकान, किचन, रिसेप्शन, जे येतं ते आधीच सांगून ठेवा, काम कमी असतं तेव्हा अशांनाच ठेवून घेतात. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवाच ठेवा. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, निघायच्या आधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर घरचे उगाच काळजीत पडतात.